लाल बूट आणि काळे-पांढरे हातमोजे
कॅमेऱ्यामागचे प्रेक्षक : भाग सहावा

मागच्या भागात आपण समीक्षकाचा दिग्दर्शक झालेला फ्रान्स्वा त्रूफो पाहिला. आज जायचंय न्यूयॉर्कच्या ‘लिटिल इटली’त. १९४२ साली जन्मलेला मार्टिन स्कोर्सेसी या वस्तीत वाढला. दम्यामुळे मैदानी खेळ बंद, म्हणून वडील त्याला थिएटरात नेत. घरच्या टीव्हीवर रोसेलिनी, डे सिका यांचे इटालियन चित्रपट लागले की अख्खं घर पडद्यासमोर बसे. थिएटरात हॉलिवूडची झगमग आणि घरात आपल्यासारख्याच माणसांची दुखणी, असं दुहेरी शिक्षण त्याला शाळकरी वयातच मिळालं.

त्याच्या चित्रपटांत जुन्या चित्रपटांचे संदर्भ शोधणं हा सिनेरसिकांचा आवडता खेळ आहे. पण ती नुसती सलामी मानली, तर खरी गंमत हुकते. जुन्या चित्रपटातून तो प्रसंग उचलत नाही. तिथं सुटायचा राहिलेला प्रश्न उचलतो.

जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६) घ्या. जॉन वेननं रंगवलेला ईथन कोमांची टोळीनं पळवलेल्या पुतणीला वर्षानुवर्षं शोधत राहतो. या शोधामागे मायेइतकाच द्वेष आहे. ती सापडली तर हा तिला वाचवेल की मारेल, ही धास्ती शेवटपर्यंत राहते. पटकथाकार पॉल श्रेडर आणि स्कोर्सेसी यांनी या वृत्तीचा माणूस ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये (१९७६) न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणला. माजी सैनिक ट्रॅव्हिस वेश्याव्यवसायात अडकलेल्या बारा वर्षांच्या आयरिसची सुटका करायला निघतो आणि रक्ताचा सडा पाडतो. फोर्डनं ईथनला शेवटी घराच्या दाराबाहेर उभं ठेवलं होतं. इथं मात्र वर्तमानपत्रं ट्रॅव्हिसला नायक ठरवतात. हिंसा तीच, पण समाजानं तिला शाबासकी दिली तर काय, हा स्कोर्सेसीनं वाढवलेला प्रश्न.

अशा माणसाची गोष्ट सांगताना तो न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत नाही. ट्रॅव्हिस त्याला आवडणाऱ्या बेट्सीला फोनवर विनवत असतो, तेव्हा कॅमेरा त्याला सोडून बाजूच्या रिकाम्या पॅसेजकडे सरकतो. त्याची फजिती कॅमेऱ्यालाही बघवत नाही आणि आपल्याला या माणसाची नकोशी कणव वाटू लागते.

‘रेजिंग बुल’मध्ये (१९८०) हीच जवळीक तो मुष्टियुद्धाच्या रिंगणात नेतो. इथली शिकवण आली मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांच्या ‘द रेड शूज’मधून. या चित्रपटातलं सुमारे १७ मिनिटांचं बॅले रंगमंचावर सुरू होतं आणि बघता बघता नर्तिकेच्या मनात शिरतं. नाट्यगृहातल्या प्रेक्षकाला जे दिसणं शक्य नाही, ते आपल्याला दिसतं. स्कोर्सेसीनं कॅमेरा प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधून उठवून दोरांच्या आत, मुष्टियोद्धा जेक लामोटाजवळ नेला. जेकच्या मनःस्थितीप्रमाणे रिंगण लांब-रुंद होतं, आवाज विरतो, मग अंगावर येतो.

खुद्द पॉवेल तेव्हा त्याचा स्नेही झाला होता. ‘पीपिंग टॉम’मुळे (१९६०) इंग्लंडच्या समीक्षकांनी झोडपलेल्या या दिग्दर्शकाचं नाव स्कोर्सेसीनं अमेरिकेत पुन्हा चर्चेत आणलं. पुढे १९८४ मध्ये स्कोर्सेसीची संकलक थेल्मा स्कूनमेकर हिच्याशी पॉवेलचं लग्न झालं. ‘रेजिंग बुल’चं चाचणी चित्रीकरण पाहताना हातमोज्यांचा लाल रंग खटकतो, हे पॉवेलनंच दाखवून दिलं. चित्रपट कृष्णधवल होण्यामागचं हे एक कारण. दुसरं कारण रसायनाचं होतं. त्या काळच्या रंगीत फिल्मवरचे रंग टिकत नसत. काही वर्षांत निळा-हिरवा उडून चित्र गुलाबी पडे. याविरुद्ध स्कोर्सेसीनं १९८० च्या सुमारास दिग्दर्शकांना एकत्र करून फिल्म बनवणाऱ्या कंपनीकडे टिकाऊ रंगांची मागणी लावून धरली.

१९९० मध्ये स्पीलबर्ग, कपोला, कुब्रिक आदींसह त्यानं ‘द फिल्म फाउंडेशन’ स्थापन केलं. या संस्थेच्या मदतीनं आजवर हजाराहून अधिक चित्रपटांचं जतन किंवा पुनरुज्जीवन झालं आहे. त्यात ‘द रेड शूज’ही आहे. त्याच्या मूळ निगेटिव्हना बुरशी लागली होती. नवी प्रत २००९ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. २००७ पासून स्कोर्सेसीच्या ‘वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट’नं अमेरिका-युरोपबाहेरच्या चित्रपटांकडे मोर्चा वळवला. नर्तक उदय शंकर यांचा ‘कल्पना’ याच प्रकल्पातून वाचला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातलं साहित्य इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत गेलं आणि २०१२ मध्ये कानच्या पडद्यावर ‘कल्पना’ नव्यानं उजळला.

‘द रेड शूज’ आणि ‘कल्पना’, दोन्ही १९४८ चे. एक इंग्लंडचा, दुसरा मद्रासच्या स्टुडिओत घडलेला. पण दोघांनीही नृत्य प्रेक्षागृहातून टिपण्याऐवजी कलावंताच्या मनातून दाखवलं. पहिल्यामुळे ‘रेजिंग बुल’ला रिंगणात शिरायची वाट सापडली. दुसऱ्याकडून कुणी काय शिकेल, हे आज सांगता येत नाही. पण शिकायचं तर आधी प्रत शाबूत हवी. म्हणून स्कोर्सेसीचं जतनाचं काम त्याच्या दिग्दर्शनापासून वेगळं काढता येत नाही.

(पुढील भागात : जॉन फोर्डचा जपानी चाहता, आकिरा कुरोसावा)