गाणी नसलेल्या तबकड्या

आपल्याकडे ‘सिनेमाची रेकॉर्ड’ म्हटलं की गाण्यांची रेकॉर्ड. फार तर ‘शोले’सारखी संवादांची. पडद्यावर कोणी गात नसताना मागे जे वाजत असतं, ते पार्श्वसंगीत विकत आणून घरी ऐकायचं, ही कल्पना आपल्या घरांत फारशी रुजली नाही. त्यामुळे माझ्या कपाटातल्या गाणी नसलेल्या तबकड्या पाहून पाहुणे विचारत, ‘‘यात ऐकायचं काय?’’ चाळीस वर्षं मी हसून वेळ मारून नेली. गेल्या वर्षी हाच प्रश्न धाकट्या बहिणीच्या मुलानं विचारला, तेव्हा मात्र नीट उत्तर देणं भाग पडलं.

भाचा तिशीतला आहे. दोनेक वर्षांपासून त्याला चित्रपटांचं पार्श्वसंगीत जमवायचा नाद लागलाय. हान्स झिमरचं ‘इंटरस्टेलर’ त्याच्याकडे आहे, जॉन विल्यम्सचं ‘स्टार वॉर्स’ आहे. तो म्हणाला, ‘‘मामा, यांच्या आधीचं काय ऐकू ते सांग. पण शंभरांची यादी नको. आणि जुनं म्हणून थोर, असंही नको.’’

मी त्याला पाच हॉलिवूडपटांची नावं दिली. सनावळीप्रमाणे नाही. या पाचांत पार्श्वसंगीत करतं ती एकेक कामगिरी स्वच्छ ऐकू येते, म्हणून.

पहिलं नाव ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’, १९३८. ज्याला १९७७चं ‘स्टार वॉर्स’ आवडतं, त्यानं इथूनच सुरुवात करावी. ट्रम्पेट आणि हॉर्न यांची ती ललकारी, नायकाची स्वतःची धून, तलवारीच्या प्रत्येक वाराला साथ देणारा मोठा वाद्यवृंद, हे सगळं घराणं एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड या संगीतकाराचं. व्हिएन्नात हा बालपणापासून नावाजलेला. ‘रॉबिन हूड’साठी त्याला हॉलिवूडनं बोलावलं. चित्रपट पाहून त्यानं आधी नकार दिला. एवढ्या हाणामारीच्या चित्रपटाला संगीत देणं आपलं काम नव्हे, असं त्याला वाटलं. पण ऑस्ट्रियाहून येणाऱ्या बातम्या दिवसेंदिवस वाईट होत्या. त्यानं काम स्वीकारलं, आणि मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. कॉर्नगोल्ड ज्यू होता. ‘रॉबिन हूड’नं माझा जीव वाचवला, असं तो पुढे सांगत असे. ही हकिगत ठाऊक झाल्यावर ते आनंदी संगीत मला पूर्वीसारखं निव्वळ आनंदी वाटेनासं झालं.

दुसरं, ‘किंग काँग’, १९३३. संगीतकार मॅक्स स्टायनर, हाही व्हिएन्नाचाच. यात शिकायची ती गप्प बसण्याची कला. सुरुवातीची नावं सरली की संगीत थांबतं. न्यूयॉर्क शहर, बोटीची तयारी, प्रवास, सगळं कोरडं जातं. बोट धुक्यात शिरते, ते अज्ञात बेट जवळ येतं, तेव्हा कुठे खालच्या स्वरांत वाद्यं हलू लागतात. माणसांचं जग संपलं आणि दुसरं सुरू झालं, हे आपल्याला कोणी सांगत नाही. कानाला ते आपोआप कळतं. भाच्याला म्हटलं, ‘‘हल्लीच्या चित्रपटांत संगीत कुठे थांबतं, ते आता मोज.’’

तिसरं, ‘कासाब्लांका’, १९४२. हाही स्टायनरचाच. यातलं गाजलेलं प्रेमगीत त्याचं नव्हे, ते १९३१ सालचं. स्टायनरला ते पसंत नव्हतं, त्याला स्वतःचं गाणं घालायचं होतं. पण त्यासाठी काही दृश्यं पुन्हा चित्रित करावी लागली असती आणि इन्ग्रिड बर्गमननं पुढच्या चित्रपटासाठी केस कापून टाकले होते, असा किस्सा सांगतात. मग स्टायनरनं काय केलं? त्याच नावडत्या चालीतून त्यानं चित्रपटभर संगीत विणलं. कधी ती आठवण होऊन येते, कधी संशय, कधी निरोप. ठुमरी गाणारी बाई एकच ओळ दहा भावांनी म्हणते, तसाच हा प्रकार. एकाच धूनीची बदलती रूपं ओळखायला शिकायचं असेल, तर यासारखा धडा नाही.

चौथं, ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’, १९६२, संगीत एल्मर बर्नस्टीन. वंशद्वेष, खटला, अन्याय असा गंभीर विषय. सुरुवात कशानं करावी, हे बर्नस्टीनला कित्येक आठवडे सुचेना. मग त्याच्या ध्यानात आलं, की हे सगळं आपण लहान मुलांच्या नजरेतून पाहतो आहोत. म्हणून आरंभी फक्त एकटा पियानो आहे, मूल एका बोटानं स्वर शोधत बसावं तसा. मोठ्या वाद्यवृंदाची सवय झालेल्या कानांना हे मुद्दाम ऐकवावं. थोडक्या स्वरांत केवढं मावतं, ते कळतं.

आता नव्या संग्राहकाला पडणारा व्यावहारिक प्रश्न : कोणती आवृत्ती घ्यायची? जुन्या संगीताच्या दोन तऱ्हा मिळतात. एक, चित्रपटासाठी त्या वेळी मुद्रित झालेलं मूळ संगीत. दुसरी, नंतर नव्या वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतलेलं. मूळ मुद्रणात खुद्द संगीतकाराचा हात असतो, पण आवाज एकमार्गी आणि पुष्कळदा झिजलेला. माझा सल्ला असा, की आधी नवं मुद्रण ऐकावं, कान तयार झाला की मूळ. ‘रॉबिन हूड’ आणि ‘किंग काँग’ या दोन्हींची विल्यम स्ट्रॉमबर्गनं मॉस्को सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेली मुद्रणं उत्तम आहेत. ‘मॉकिंगबर्ड’ तर बर्नस्टीननं स्वतःच रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राकडून पुन्हा वाजवून घेतलं.

पुन्हा वाजवण्याची वेळ का आली, हेही सांगायला हवं. चित्रपट प्रदर्शित झाला की स्टुडिओच्या लेखी त्याच्या संगीताचं काम संपत असे. एमजीएमसारख्या बड्या कंपनीनं १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या संगीत-ग्रंथालयातली वाद्यवृंदाची लिखित पानं खड्ड्यात भराव म्हणून टाकून दिली. पुढे जॉन विल्सन या इंग्रज संचालकाला त्यांच्या संगीतपटांतलं वाद्यवृंदाचं लेखन, चित्रपट पुन्हा पुन्हा ऐकून, जवळजवळ स्वरास्वरानं नव्यानं लिहावं लागलं. या संगीताकडे पुन्हा लक्ष वळवण्यात मोठा वाटा १९७२ साली आलेल्या एका तबकडीचा. चार्ल्स गेरहार्टनं लंडनमध्ये वाजवून घेतलेलं कॉर्नगोल्डचं संगीत तिच्यावर होतं आणि निर्माता होता कॉर्नगोल्डचा मुलगा जॉर्ज. ती खपली, आणि तिच्यामागून एक मालिकाच निघाली. म्हणजे गिऱ्हाईक होतं, म्हणून संगीत टिकलं.

पाचवं नाव मुद्दाम शेवटी ठेवलं. ‘सायको’, १९६०, संगीत बर्नार्ड हर्मन. हर्मननं फक्त तंतुवाद्यं घेतली. फुंकवाद्यं नाहीत, तालवाद्यं नाहीत. चित्रपट कृष्णधवल, तसा नादही कृष्णधवल, असा त्याचा विचार. स्नानगृहातल्या खुनाच्या दृश्याला संगीत नको, असं हिचकॉकचं म्हणणं होतं. हर्मननं तरीही ते लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकनं आपलं म्हणणं मागे घेतलं. ऑक्टोबर १९७५ मध्ये हर्मननं हे संगीत स्वतः पुन्हा मुद्रित केलं. त्याची लय मुळापेक्षा संथ आहे. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, ‘टॅक्सी ड्रायव्हर’चं मुद्रण आटोपल्यावर काही तासांतच तो गेला.

भाचा आला होता तेव्हा हीच तबकडी लावली. व्हायोलिनच्या त्या किंचाळ्या आल्या आणि तो खुर्चीत दचकला. मी दचकलो नाही. मला त्या नीट ऐकूच आल्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला होता. वयामुळे वरच्या पट्टीतले आवाज माझ्यापर्यंत पोचेनासे झालेत. आता व्हायोलिन माझ्या कानाला कापडाआडून येतं. मी भाच्याला विचारलं, ‘‘कसं वाटतंय रे?’’ तो म्हणाला, ‘‘मामा, पाटीवर कोणी नख ओढावं तसं. पण त्या खाली चेलो आहेत ना, ते जास्त भीतीदायक आहेत.’’ वरच्या किंचाळ्यांच्या नादात खालचे चेलो मी आजवर कधी वेगळे ऐकलेच नव्हते. तबकडी पुन्हा लावली. ते मला ऐकू आले.

त्या रात्री मी कपाट उघडून बसलो. माझ्यामागे घरच्यांना या तबकड्यांचं काय करावं ते समजणार नाही. रद्दीवाला किलोच्या भावानं नेईल. स्टुडिओला नावं ठेवणाऱ्या मी तरी वेगळं काय करत होतो? तेव्हापासून प्रत्येक आवरणात एक चिठ्ठी घालतोय : चित्रपट कोणता, संगीतकार कोण, कोणत्या जागी काय ऐकावं. साठेक चिठ्ठ्या झाल्यात, अजून बऱ्याच राहिल्यात. ‘सायको’च्या चिठ्ठीवर चेलोंचं भाच्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.

तुमच्या घरी तबकड्या नसतील तर काही बिघडत नाही. या पाचांतला एखादा चित्रपट मिळवा. एकदा सरळ पाहा. मग त्यातला एक प्रसंग आवाज बंद करून पाहा, आणि तोच प्रसंग पुन्हा डोळे मिटून ऐका. मधला फरक म्हणजे पार्श्वसंगीत. पाहुण्यांच्या प्रश्नाला मी चाळीस वर्षांपूर्वीच हे उत्तर द्यायला हवं होतं.