वॉरंटी संपलेल्या गाडीला मिस्त्री हवा

भुसावळला मध्य रेल्वेचा विद्युत इंजिन कारखाना आहे. ठरलेली वर्षे धावून आलेले इंजिन इथे उचलून चाकांपासून वेगळे करतात. ट्रॅक्शन मोटारी खाली उतरतात, वाइंडिंगचे इन्सुलेशन मोजले जाते, बेअरिंग बदलतात, झिजलेले भाग काढून टाकले जातात आणि चाचणी झाली की तेच इंजिन पुन्हा गाडी ओढायला जाते. रेल्वेच्या हिशेबात विद्युत इंजिनाचे आयुष्य ३५ वर्षांचे धरलेले आहे. वर २५ हजार व्होल्टची तार आणि भोवती पारा ४५ अंशांपुढे नेणारा खान्देशचा मे महिना, अशा परिस्थितीत ही इंजिने पिढीभर चालतात. तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या जळगावात मात्र सात-आठ वर्षांच्या इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की बोलणे एकाच वाक्यावर येऊन थांबते: बॅटरी गेली की गाडी संपली. विजेवर चालणाऱ्या दोन यंत्रांच्या नशिबात एवढे अंतर का असावे? रेल्वेचे इंजिन वीज तारेतून घेते, गाडी ती सोबत वाहून नेते आणि बॅटरी कालांतराने थकतेच, हे कारण खरे आहे. पण ते अर्धेच कारण आहे. इंजिनामागे उघडून पाहणारे हात, नकाशे, सुटे भाग आणि ठरलेल्या मुदतीची देखभाल उभी आहे. गाडीमागे यातले काहीच तालुक्यापर्यंत पोहोचलेले नाही. इलेक्ट्रिक गाडी किती वर्षे चालणार हे ती कुठे आणि कोणाकडून दुरुस्त होऊ शकते यावर ठरेल, आणि जळगाव-धुळ्याने याची तयारी आताच करायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

आताच, कारण तारीख जवळ आली आहे. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली आणि मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेली ती पहिली मोठ्या खपाची इलेक्ट्रिक गाडी ठरली. तिच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर वॉरंटी होती. म्हणजे पहिल्या गाड्या २०२८ च्या सुरुवातीला वॉरंटीबाहेर पडतील आणि ज्यांचे धावणे जास्त त्या त्याआधीच. मोठ्या शहरांत वापरलेली गाडी पुढे जिल्ह्याच्या गावी स्वस्तात विकली जाते, हा आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजाराचा नेहमीचा प्रवाह आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांच्या बाबतीत तो सुरळीत चालतो, कारण पारोळ्यापासून शिरपूरपर्यंत कुठेही बॉनेट उघडणारा मिस्त्री भेटतो. इलेक्ट्रिक गाडी याच वाटेने येईल तेव्हा तिला हात लावणारे कोणी नसेल, तर पहिल्या मालकाला योग्य किंमत मिळणार नाही आणि दुसऱ्याला भरवशाची गाडी मिळणार नाही.

आधी बॅटरी थकते म्हणजे काय होते ते पाहू. लिथियम बॅटरीत शेकडो, काही गाड्यांत हजारो सेल एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक चार्जिंगबरोबर आणि नुसत्या काळाबरोबरही सेलच्या आत छोट्या रासायनिक क्रिया होत राहतात आणि वापरात येणारे लिथियम थोडेथोडे अडकून पडते. उष्णता या क्रियांचा वेग वाढवते. याचा धडा खान्देशासारख्याच तापणाऱ्या एका शहराने जगाला दिला. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्समध्ये २०१२ च्या सुमारास निसान लीफच्या मालकांना दिसले की वर्ष-दीड वर्षातच गाडीची क्षमता भराभर उतरते आहे. त्या गाडीची बॅटरी थंड ठेवण्यासाठी कूलंटची सोय नव्हती. पुढे कंपनीला क्षमता घटण्याबद्दल वेगळी वॉरंटी द्यावी लागली आणि उष्णता सोसणारी नवी बॅटरी आणावी लागली. ज्या गाड्यांत बॅटरीभोवती कूलंट फिरतो त्यांची अवस्था बरीच चांगली राहते. वेगवेगळ्या देशांतल्या हजारो गाड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या जिओटॅब या कॅनडातल्या कंपनीच्या विश्लेषणांत क्षमतेची सरासरी घट वर्षाला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास दिसली. उष्ण प्रदेशातल्या आणि सतत फास्ट चार्जिंग करणाऱ्या गाड्यांत ती जास्त होती. म्हणूनच जळगावात बॅटरीचा कूलंट, त्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर ही चैन समजू नये. अनेक गाड्यांत एसीचाच थंडावा बॅटरीपर्यंत पोहोचतो, त्यामुळे बिघडलेला एसी हा बॅटरीचा आजार समजून लगेच दुरुस्त करायला हवा. पूर्ण चार्ज केलेली गाडी दुपारभर उघड्या पटांगणात उभी ठेवणे बॅटरीला फार बाधते. चार्जिंग रात्री उशिरा लावून पहाटे संपेल असे बघणे हा साधा उपाय आहे.

आता हिशेब खान्देशच्या रस्त्यांवर मांडू. पहिल्या नेक्सॉन ईव्हीसारखी ३०.२ किलोवॅट-तास बॅटरीची गाडी नवी असताना प्रत्यक्ष वापरात दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते असे धरले आणि आठ-दहा वर्षांत तिची एक चतुर्थांश क्षमता गेली असे मानले, तरी दीडशे किलोमीटर उरतात. जळगावहून धुळे सुमारे ९५ किलोमीटर आहे. अशी गाडी एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला आरामात पोहोचेल, मात्र तिथे चार्ज केल्याशिवाय परतणार नाही. जळगाव-भुसावळ रोजची ये-जा किंवा धुळे-शिरपूर जाऊन-येऊन हे तिच्या आवाक्यात आहे. मुंबईच्या प्रवासाला ती जुनी झाली असेल, पण जिल्ह्यातल्या कामाला नाही. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, डॉक्टर यांची रोजची धाव एवढीच असते. म्हणजे बॅटरी ‘संपली’ असे आपण ज्या टप्प्यावर म्हणतो, तिथे तिचे दुसरे उपयोगी आयुष्य सुरू होऊ शकते.

त्यातही अनेकदा बिघाड सगळ्या बॅटरीचा नसतो. ओळीने जोडलेल्या सेलपैकी एक गट कमजोर पडला की चार्जिंग करताना तो आधी भरतो आणि गाडी चालवताना आधी रिकामा होतो. बॅटरीवर नजर ठेवणारे सर्किट, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, त्या एका गटाला वाचवण्यासाठी सगळ्या बॅटरीलाच थांबवते. मालकाला वाटते बॅटरी अर्धी झाली. खरे तर एक मॉड्यूल बदलून किंवा सेलचे व्होल्टेज पुन्हा समान करून ती बरीचशी परत मिळू शकते. त्याहून क्षुल्लक कारणानेही गाडी बंद पडते. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नाही, तेव्हा पहिला संशय बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीवर घ्यावा. मोठ्या बॅटरीचे रिले जोडण्याचे काम तिच्याच विजेवर चालते आणि खान्देशी उन्हाळ्यात ती लवकर दम तोडते. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल शिरली की इन्सुलेशनचा इशारा येतो आणि गाडी चालायचे नाकारते. घरच्या चार्जिंगचा घोळ तर पुष्कळदा गाडीत नसून जमिनीत असतो. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, चार्जर सुरक्षिततेसाठी वीज घेणे थांबवतो आणि दोष गाडीला दिला जातो. खरे तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे किंवा अर्थिंग नव्याने करून घेणे एवढेच पुरेसे असते. बाकी झीज ओळखीचीच आहे. बॅटरीच्या वजनाने टायर आणि सस्पेन्शनचे बुश लवकर जातात. वेग कमी करण्याचे बरेच काम मोटारच करते म्हणून ब्रेकचे पॅड टिकतात, पण कमी वापरामुळे कॅलिपर अडकतात, ते वर्षाला साफ करून घ्यावे लागतात.

ही कामे खान्देशाला परकी नाहीत. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात खोल गेलेले पाणी सबमर्सिबल पंपांनीच वर येते आणि ऐन उन्हात मोटार जळाली तर बाग वाळायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून बाजाराच्या गावात मोटार वाइंडिंगचे दुकान असतेच. तिथला कारागीर मेगर लावून इन्सुलेशन बघतो, क्लॅम्प मीटरने करंट मोजतो, बेअरिंगचा आवाज कानाने ओळखतो. इलेक्ट्रिक गाडीची मोटारही बहुतेक वेळा तीन फेजचीच असते. तिच्या अलीकडचा इन्व्हर्टर त्याला नवा आहे, पण सौर पंपांच्या कंट्रोलरमुळे तोही आता शिवारात आला आहे. कौशल्याचा पाया इथे तयार आहे, वरचा मजला बांधायचा आहे.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो अगदी रास्त आहे. गाडीच्या बॅटरीत तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी वीजदाब असतो. चुकून हात लागला तर जीव जाऊ शकतो, आणि बिघडलेल्या सेलला लागलेली आग विझवणे कठीण असते. म्हणून नुसत्या धाडसावर बॅटरी उघडणाऱ्याला रोखलेच पाहिजे. पण धोका आहे, हेच काम शिकवण्याचे कारण आहे. वायरमन डीपीवर हात घालण्याआधी पुरवठा बंद करतो, तो खरोखर बंद झाला का ते तपासतो आणि मगच पुढे जातो. गाडीचेही शास्त्र तसेच आहे. बारा व्होल्टची बॅटरी सोडवायची, हजार व्होल्टसाठी प्रमाणित रबरी हातमोजे घालून मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे व्हायला कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचे, मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही. भुसावळच्या कारखान्यात याहून कितीतरी मोठ्या व्होल्टेजची यंत्रे माणसेच दुरुस्त करतात, कारण तिथे शिस्त शिकवली जाते आणि पाळली जाते.

दुसरा आक्षेप असा की हे काम कंपन्याच करतील. वॉरंटी असेपर्यंत करतीलही, आणि आता काही नव्या मॉडेलांच्या बॅटरीला १५ वर्षांपर्यंत हमी दिली जाते. पण अशी मोठी हमी मुख्यतः पहिल्या मालकासाठी असते आणि आधी विकलेल्या बऱ्याच गाड्यांना ती मिळत नाही. शिवाय मॉडेलच बंद होऊ शकते. बंगळुरूच्या मैनी समूहाची रेवा २००१ मध्ये आली. तिच्यात सहा व्होल्टच्या आठ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या, त्यामुळे त्या कोणताही बॅटरीवाला तपासू आणि बदलू शकत होता. महिंद्राने २०१० मध्ये ती कंपनी घेतली, २०१३ मध्ये लिथियमवर चालणारी ई२ओ आणली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. बॅटरी नाजूक होती ती रेवाची, पण दुरुस्तीला सोपीही तीच होती. नंतरच्या गाड्यांत बॅटरी सुधारली आणि सॉफ्टवेअरचे कुलूप आले. बिघाडाचा कोड वाचायला आणि नवा भाग गाडीला ओळखू द्यायला कंपनीचेच यंत्र लागते. हे कुलूप किती घट्ट असावे हा आता सार्वजनिक प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या यादीत मोटारगाड्यांचाही समावेश केला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून बाजारात येणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या प्रत्येक मुख्य बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे. आपल्याकडे निदान एवढे तरी सक्तीचे व्हावे: वॉरंटी संपल्यावर प्रशिक्षित स्वतंत्र गॅरेजला दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग रास्त दरात मिळावेत, आणि गाडी विकताना बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचे प्रमाणपत्र सोबत असावे.

तिसरा आक्षेप धंद्याचा आहे. जळगाव-धुळ्यात अशा गाड्या आहेत तरी किती, त्यासाठी दुकान कोण थाटेल? नुसत्या मोटारींच्या भरवशावर कोणी थाटणार नाही, हे खरे. पण तेच मीटर, तेच सेल आणि तेच ज्ञान इलेक्ट्रिक स्कूटर, ई-रिक्षा, घरचा इन्व्हर्टर आणि सौर संचालाही लागते. मोटारगाडी त्या दुकानाचे एक गिऱ्हाईक असेल. सेल बदलूनही न भागणारी बॅटरी शेवटी निघेलच. तिच्यासाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत आणि जुनी बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली आहे. नव्या बॅटरीचा खर्चही उतरता आहे. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीत २०१० मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर असलेली जागतिक सरासरी किंमत २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. गिऱ्हाइकाला सुटी बॅटरी या भावाने मिळत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. दुरुस्त करून चार वर्षे काढलेली गाडी पुढे स्वस्त बॅटरी घेऊन आणखी चालू शकते. आज भंगारात घातलेली गाडी परत येत नाही.

म्हणून अपेक्षा तीन ठिकाणी आहे. जळगाव आणि धुळ्याच्या आयटीआयनी मोटार वाइंडिंग आणि वायरमन शिकलेल्यांसाठी हाय-व्होल्टेज गाडीचा छोटा, कडक परीक्षेचा अभ्यासक्रम सुरू करावा. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ४५ अंशांत बॅटरी किती थकते याच्या नोंदी ठेवाव्यात, कारण युरोपातल्या थंड हवेचे आकडे आपल्या उपयोगाचे नाहीत. आणि गाडीच्या मालकांनी वॉरंटी संपण्याच्या वर्षभर आधी सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या क्षमतेचा लेखी अहवाल घ्यावा, कमजोर मॉड्यूल वॉरंटीतच बदलून मागावे आणि कूलंट, बारा व्होल्टची बॅटरी व घरचे अर्थिंग दर उन्हाळ्याआधी तपासून घ्यावे. पहिल्या गाड्यांची मुदत २०२८ मध्ये संपते आहे. त्याआधी आपल्या तालुक्यात एक तरी प्रशिक्षित मिस्त्री उभा राहिला, तर त्या गाड्या खान्देशच्या रस्त्यांवर आणखी कितीतरी वर्षे धावतील.