गाडी जीपची, इंजिन ट्रॅक्टरचे

जीपच्या मागच्या बाकावर दाटीवाटीने बसून आपल्यापैकी कितीजणांनी तालुक्याचा बाजार गाठला असेल! तिचा तो धडधडाट उगाच नव्हता. महिंद्रने आपल्या जीपमध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन बसवले होते.

पेट्रोलचे इंजिन ठिणगीने पेटते. डिझेलचे इंजिन हवाच इतकी दाबते की तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेट घेते. या जादा दाबामुळे तेवढ्याच तेलात काम जास्त निघते. त्यात ट्रॅक्टरचे इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर धरते. पळायला मात्र मंद, वजनाला जड, आणि हादरे बसतात ते वेगळेच.

कंपनीने केले ते गिअर-ब्रेक जुळवून केले. उत्तर भारतात शेतपंपाचे इंजिन गाड्यावर बसवून ‘जुगाड’ निघाले. स्वस्तात माणसे वाहिली, हे आम्ही नाकारत नाही. गरिबाने दुसरे करावे तरी काय? पण त्याला ना नोंदणी, ना विमा. अपघात झाला तर भरपाई द्यायला विमा कंपनीच नाही. चालकाचे घर विकायची पाळी. राजस्थानातल्या अपघाताच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, जुगाड हेही मोटार वाहनच. नोंदणी-विम्याशिवाय रस्त्यावर आणता येणार नाही.

आपल्या जुन्या गाडीत इंजिन बदलायचे असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. कंपनीने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. म्हणून गॅरेजवाल्याला इसार देण्याआधी आरटीओत विचारून यावे.