पाय ताठवणारा विषाणू

वेस्ट इंडीज म्हटले की तुम्हाला क्रिकेट आठवेल. त्यातल्याच जमैका बेटावर, उसाच्या नि केळीच्या मुलखात, एक चमत्कारिक दुखणे फार दिवसांपासून होते. बहुधा चाळिशीच्या पुढेमागे ते सुरू होते, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. आधी कंबर धरते, मग पाय जड वाटू लागतात, हळूहळू ताठ होतात. लघवी आवरत नाही. काही वर्षांत हाती काठी येते, पुढे कित्येकांना चालताच येत नाही. बुद्धी मात्र शाबूत, हातांतही बळ!

१९५६ साली डॉ. क्रुइकशँक यांनी या रोगाची सविस्तर नोंद केली. कारण सापडेना. कोणी अन्नाला दोष दिला, कोणी उपदंशाला. अन्नावर संशय येणे साहजिकच म्हणा. आपल्या पूर्व विदर्भातील वाचकांनी लाखेची डाळ महिनोन्‌महिने खाऊन पाय ताठलेली माणसे पाहिली असतील. दुखणे दिसायला तसेच, मूळ मात्र निराळे.

उलगडा झाला १९८५ साली, त्याच समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर. फ्रेंच डॉक्टरांनी अशा १७ रोग्यांचे रक्त तपासले. १० जणांच्या रक्तात एचटीएलव्ही-१ या विषाणूच्या खुणा मिळाल्या. पुढच्याच वर्षी हजारो मैल दूर, जपानच्या कागोशिमा भागात, तोच विषाणू आणि तेच दुखणे आढळले. दोन टोकांची माणसे एकाच रोगाने अधू होत होती आणि कोणाला पत्ता नव्हता.

हा विषाणू एड्सच्या विषाणूच्या कुळातला. तो रक्तातील पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिच्या वंशसूत्रात आपली नोंद करून टाकतो. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर गुपचूप नाव चढवावे तसे! ते नाव जन्मभर निघत नाही. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. शंभरांत पाचांहूनही कमी जणांना पाय ताठण्याचा रोग होतो. त्यांच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला सूज येते आणि पायांकडे जाणारा निरोप अडतो.

शेजारी बसून किंवा एका ताटात जेवून तो लागत नाही. शरीरसंबंध, दूषित रक्त, एकमेकांची सुई आणि आईचे दूध या त्याच्या वाटा. रक्त तपासून घेता येते. दुधाचे काय करावे? जपानच्या नागासाकी प्रांतात १९८७ पासून गरोदर बायकांची तपासणी सुरू झाली. विषाणू असलेल्या आयांनी दीर्घकाळ अंगावर पाजलेल्या शंभर मुलांपैकी वीसेकांना तो लागे. वरचे दूध दिले तेव्हा हे प्रमाण दोन-तीनांवर आले. पण तिथे पाणी शुद्ध, दुधाची पावडर परवडणारी. जिथे पाणी गढूळ, तिथे बाटलीच बाळाच्या जिवावर उठते. तिथल्या आईला डॉक्टरांनी कोणता सल्ला द्यावा?

बायांनो, हे वाचून बाळाचे दूध तोडू नका बरे! आपल्याकडे हा विषाणू तुरळकच आढळतो. त्यावर अजून लस नाही, रोग मुळापासून काढणारे औषधही नाही. मात्र आपल्याकडे पाय ताठण्यामागे मणक्याचा क्षय किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते, आणि वेळेवर उपचार झाले तर त्यांना उतार पडतो. तेव्हा पाय जड झाले, लघवीचा ताबा सुटू लागला, तर चोळण्या-मळण्यात महिने घालवू नका. सरळ जिल्ह्याचे रुग्णालय गाठा.