झाकण नीट लावलंय ना?

काचेच्या टाकीत समुद्र वसवायची कल्पना मुळात एका ऑक्टोपसपायी सुचली. १८३२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहरात झान विलप्रू-पॉवर या बाईंनी काचेचं अ‍ॅक्वेरियम तयार केलं. त्या आधी पॅरिसमध्ये कपडे शिवायच्या, भरतकाम करायच्या. त्यांना कोडं पडलं होतं आर्गोनॉट या ऑक्टोपसचं. याची मादी कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहते. तो शिंपला ती स्वतः घडवते की दुसऱ्याचा बळकावते, यावर विद्वानांचे वाद चालले होते. बाईंनी आर्गोनॉट पाळले, शिंपल्याचे कपचे उडवले आणि बघत बसल्या. मादीने शिंपला स्वतःच दुरुस्त केला. वाद मिटला! पुढे शुक्रावरच्या एका विवराला बाईंचं नाव देण्यात आलं.

आज हौशी मंडळी घरात ठेवतात तो बहुधा कॅलिफोर्नियाचा दोन ठिपक्यांचा ऑक्टोपस. डोळ्यांखाली दोन्ही बाजूंना निळं वर्तुळ, जणू आणखी दोन डोळेच. अंग जेमतेम मुठीएवढं, पण एकट्याला दोनशे लिटरची टाकी हवी. आणि एकट्यालाच! दुसरा ऑक्टोपस सोडलात तर दोघांतला एक दुसऱ्याचं जेवण होण्याची भीती. सोबतीला मासे ठेवले तर तेही गट्टम.

पाणी भरलं की लगेच पाहुणा आणायचा नाही. घाणीतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू आधी टाकीत वसावे लागतात. त्याला तीनेक महिने लागतात. पाणी आरओचं, त्यात समुद्री मीठ, आणि थंडावा साधारण १८ ते २२ अंशांचा. मुंबईच्या मे महिन्यात हे चिलरशिवाय जमायचं नाही.

इथे एक नवल. ऑक्टोपसचं रक्त निळं असतं, कारण त्यात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं मात्र त्याच्या जिवावर उठतं! आपण ज्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी पोटाला चांगलं म्हणून पितो, ते त्याच्या टाकीत ओतायचं नाही. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, तीही वर्ज्य.

आता झाकण. या साऱ्या खटाटोपात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. ऑक्टोपसच्या अंगात हाड नाही. कठीण काय ती पोपटासारखी चोच. फटीतून चोच गेली की अख्खा देह मागोमाग गेलाच म्हणून समजा. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या राष्ट्रीय मत्स्यालयातला इंकी हेच करून गेला. रात्री झाकण जरासं उघडं राहिलं होतं. तो वर आला, फरशीवर उतरला, सरपटत सांडपाण्याच्या नळाशी पोचला आणि पन्नास मीटरच्या नळातून थेट समुद्रात! २०१६ साली जगभर बातमी झाली. ओल्या फरशीवरच्या खुणांवरून त्याची वाट कळली. २००९ मध्ये सांता मोनिकात एका ऑक्टोपस मादीने टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि शेकडो लिटर पाणी जमिनीवर आलं. म्हणून झाकणाला कड्या हव्यातच. काही मत्स्यालयं टाकीच्या काठाला कृत्रिम हिरवळ लावतात, तिच्यावर चूषक चिकटत नाहीत.

खायला जिवंत खेकडे, कोळंबी. पण नुसतं पोट भरून भागत नाही. सिएटलच्या मत्स्यालयात संशोधकांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्या टाकीत सोडल्या. एका मादीने नळीतून पाण्याचा झोत मारून बाटली पलीकडे ढकलली. प्रवाहाबरोबर ती परत आली, तिने पुन्हा ढकलली. परत आली, पुन्हा. आपण चेंडूचे टप्पे टाकत खेळतो तसं! तिथेच असंही दिसलं, की एक माणूस रोज खाऊ देतो आणि दुसरा काटेरी काठीने डिवचतो, हा फरक ऑक्टोपसना दोन आठवड्यांत कळतो, दोघांचे कपडे सारखे असले तरी. म्हणून टाकी बसण्याउठण्याच्या खोलीत ठेवावी. त्याला बघायला माणसं मिळतात.

फक्त सहवास लहान. दोन ठिपक्यांचा ऑक्टोपस साधारण वर्ष-दीड वर्षच जगतो. मादी असेल तर शेवटी ती बिळात अंडी घालते, ती स्वच्छ करत, त्यांच्यावर पाणी खेळवत बसून राहते आणि खाणं सोडते. समोर आवडता खेकडा धरला तरी हाताने बाजूला सारते. नर कधी भेटलाच नसेल आणि अंडी रिकामी असतील, तरीही.