जुना ट्यूबचा गिटार अ‍ॅम्प घेताय? पैसे देण्याआधी हे तपासा, नाहीतर स्वस्तातला अ‍ॅम्प पडेल महागात

जत्रा, गणपती, लग्नसराई जवळ आली की ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारी पोरं मोबाईलवर जुने अ‍ॅम्प्लिफायर शोधायला लागतात. त्यात ट्यूब अ‍ॅम्पची क्रेझ जास्त. नवा परवडत नाही म्हणून जुन्याकडे नजर जाते. नीट पारखून घेतला तर तो वर्षानुवर्षे साथ देतो. फोटो बघून घेतला, तर दुरुस्तीचं बिल किमतीच्या बरोबरीला येऊ शकतं.

ट्यूब म्हणजे काय?

आजोबांच्या काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवा. बटण दाबलं तरी आतल्या काचेच्या नळ्या तापल्याशिवाय आवाज येत नसे. ट्यूब म्हणजे तोच व्हॉल्व्ह. आवाज वाढवत नेला की गिटारचा सूर जाड आणि खरखरीत होत जातो. रॉक वाजवणाऱ्यांना तोच हवा असतो. गाणं, हार्मोनियम किंवा माईकसाठी मात्र हा अ‍ॅम्प नाही.

जाहिरातीत 'ट्यूब' लिहिलंय म्हणून भुलू नका. मार्शलची व्हॉल्वस्टेट किंवा व्हॉक्सची व्हॉल्व्हट्रॉनिक्स यांसारख्या मालिकांत एखादीच लहान ट्यूब असते, मोठी ताकद ट्रान्झिस्टरमधून येते. ते अ‍ॅम्प वाईट नाहीत, पण त्यांना पूर्ण ट्यूब अ‍ॅम्पचा भाव देऊ नका.

वॅटच्या मागे लागू नका

३० वॅटचा अ‍ॅम्प १५ वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही, कानाला थोडाच फरक जाणवतो. घरी सरावाला ५ वॅट पुरतात, ढोलकी-ड्रमसोबत साधारण १५ वॅट चालतात. स्टेज मोठं असेल तर अ‍ॅम्पसमोर माईक लावता येतो.

छोट्या अ‍ॅम्पला ट्यूबही कमी लागतात. एपिफोन व्हॉल्व्ह ज्युनियर ५ वॅटचा, त्यात ट्यूब फक्त २. फेंडर ब्लूज ज्युनियर १५ वॅटचा, त्यात ५. ट्यूब झिजतात, बदलाव्याच लागतात. म्हणून हातात २० हजार असतील तर १५ हजारांपर्यंतचाच अ‍ॅम्प बघा. उरलेले ट्यूब आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

मागची पट्टी आधी वाचा

आपल्याकडे लाईट २३० व्होल्टची. अमेरिकेतून आलेले बरेच अ‍ॅम्प ११० ते १२० व्होल्टचे असतात. तो थेट आपल्या प्लगात घातला तर फ्यूज उडतो, नशीब खराब असेल तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. ट्रान्सफॉर्मर हा यातला सगळ्यात महागड्या भागांपैकी एक. असा अ‍ॅम्प घ्यायचाच असेल तर व्होल्टेज उतरवणाऱ्या वेगळ्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरा.

समोर चालू करून अर्धा तास वाजवा

- स्पीकर जोडलेला आहे ना, हे आधी बघा. स्पीकरशिवाय ट्यूब अ‍ॅम्प वाजवला तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.
- ट्यूबमध्ये नारिंगी तार दिसणं ठीक. पण आतला पत्रा लालभडक झाला तर लगेच बंद करा.
- काचेवरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, ती ट्यूब गेली.
- बटण फिरवताना खरखर झाली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती साफसफाईने जाते.
- आवाज शून्यावर असूनही मोठी घूंऽऽ येत असेल तर आतले कपॅसिटर म्हातारे झाले असण्याची शक्यता आहे. तो खर्च भावात कमी करून मागा.
- फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी लावली असेल, तर तो अ‍ॅम्प सोडून द्या.

आत हात घालू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं. ट्यूब अ‍ॅम्पच्या आत ३०० ते ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो आणि जीव जाऊ शकतो. मागचं झाकण उघडायचं काम व्हॉल्व्हचं काम केलेल्या मेकॅनिकचंच. पिनेची अर्थिंग तोडलेली असेल तर आधी ती जोडून घ्या आणि घरातल्या बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासा. गिटारच्या तारा हातात असतात, करंट थेट अंगात येतो.

आगाऊ पैसे पाठवू नका

'टोकन टाका, कुरिअरने पाठवतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा. अ‍ॅम्प बघितल्याशिवाय, वाजवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आपला जुना अ‍ॅम्प विकत असाल तर लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.

बघायला जाताना आपली गिटार आणि वायर सोबत न्या, जमलं तर जाणकार वादकालाही घ्या. विकणारा वाजवून दाखवायला टाळाटाळ करत असेल तर भाव कितीही कमी असला तरी परत फिरा.