जबलपूरची जोंगा आणि तिचा नवा रेडिएटर

जुन्या दमदार गाड्यांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे काँटेसा, पद्मिनी, ११८ एनई यांच्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. जबलपुरात मात्र ते जोंगापाशी येते, आणि यायलाच हवे. ही फौजी गाडी या गावात घडली. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, व्हेईकल फॅक्टरी १९६९ सालची. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक आणि जपानच्या निसान पॅट्रोल ६० या गाडीवरून बेतलेली जोंगा ही जबलपूरची दोन अपत्ये. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावातून जोंगा हे नाव आले. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर होती. त्यामुळे इथल्या कारखान्यांच्या वसाहतींत मराठी घरे जुनी आहेत आणि जोंगाविषयी आपलेपणाने बोलणारी मराठी माणसेही बरीच भेटतात.

तिला दमदार का म्हणायचे? अँबॅसेडरचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे होते, पुढे फौजेत आलेल्या जिप्सीचे तर सुरुवातीला हजारापेक्षाही कमी. जोंगाच्या बॉनेटखाली ३९५६ घनसेंटिमीटरचे, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते आणि त्याची ताकद ११० अश्वशक्तीच्या आसपास. त्या काळच्या भारतात ही साधी गोष्ट नव्हती. १९९९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा मंडी डबवालीपासून पुण्या-कोल्हापुरापर्यंत पांगल्या. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने एक घेतली तेव्हा वर्तमानपत्रांतून तिचे फोटो झळकले आणि तिची विचारपूस पुन्हा वाढली. विकत घेणाऱ्याला आधी तिचा रुबाब दिसतो. पहिल्या उन्हाळ्यात तापमानाचा काटा दिसतो. मग रेडिएटर बदलण्याची भाषा सुरू होते.

इथे थोडा हिशेब करायला हवा, कारण हिशेबावाचून केलेली खरेदी या कामात हमखास फसते. पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला पाण्यातून बाहेर काढावा लागतो. म्हणजे इंजिन जेवढी ताकद देते, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरने हवेत सोडायची. चढावर ६० किलोवॉटचा भार धरला आणि पंप सेकंदाला दोन लिटर पाणी फिरवत असला, तर रेडिएटरमधून जाताना पाणी जेमतेम सात अंशांनी थंड होते. एवढी उष्णता उचलताना हवा ३० अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला पावणेदोन घनमीटरांहून जास्त हवा जाळीतून जायला हवी. दोन लिटर पाण्याला जवळजवळ अठराशे लिटर हवा! सगळे लक्ष पाण्याकडे असते. अडचण बहुतेकदा हवेची असते.

त्यात जबलपूरचा मे महिना. पाणी ९० अंशांवर आणि बाहेर ४३ असेल तर दोहोंतला फरक ४७ अंशांचा. जानेवारीच्या पहाटे बाहेर १० अंश असताना हाच फरक ८० असतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उन्हाळ्यात त्याची कुवत हिवाळ्याच्या साठ टक्क्यांवर येते. म्हणून हिवाळ्यात गाडी ठणठणीत आहे असे सांगून विकणाऱ्यावर फारसे विसंबू नये.

गाडी तापली म्हणून लगेच मोठा रेडिएटर मागवणे म्हणजे पुष्कळदा आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. टायमिंग मागे पडले असेल तर उष्णता हेडमध्ये साठते. कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ झाले असेल तरीही इंजिन तापते. आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या कार्ब्युरेटरला ते आपोआप ओळखता येत नाही आणि मिश्रण आणखी पातळ होते. अशा वेळी मेन जेट तपासणे हे रेडिएटरआधीचे काम. हेड गॅस्केटमधून सिलिंडरचा वायू पाण्यात शिरत असेल तर जगातला कुठलाही रेडिएटर पुरणार नाही. आणि ‘थर्मोस्टॅट निकाल दो’ हा जबलपुरात सर्रास मिळणारा सल्ला तर मुळीच ऐकू नये. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडीत लवकर गरम होत नाही, झिजते आणि पेट्रोल पिते. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की थोडे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते.

तपासणीला फार साधने लागत नाहीत. इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्त झाला आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर वरच्या होजचे आणि खालच्या होजचे तापमान घ्यावे. दोन्हींत भलताच मोठा फरक असेल तर पाणी कमी वाहते आहे. फरक नगण्य असून काटा चढतच असेल तर हवा कमी पडते आहे. मग जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे थर्मामीटर फिरवावा. मधेच गार पट्टे सापडले तर त्या नळ्या बंद आहेत.

बंद नळ्या पाहायच्या तर रेडिएटरवाल्या मिस्त्रीकडे उभे राहावे. ब्लो लॅम्पची ज्योत वरच्या पितळी टाकीच्या कडेने फिरते, सांध्याचे जुने डाग, म्हणजे सोल्डर, चकाकून पातळ होतात, ओघळतात आणि मिस्त्री टाकी हलक्या हाताने उचलून बाजूला ठेवतो. खाली चपट्या नळ्यांची तोंडे ओळीने दिसतात. काही मोकळी, काहींच्या तोंडाशी पांढरट खपली, काही पार बुजलेल्या. भेडाघाटचा संगमरवर म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा दगड. अशा खडकातून आलेले विहिरीचे, बोअरचे पाणी वर्षानुवर्षे इंजिनात घातले तर दुसरे काय होणार? मिस्त्री पातळ पोलादी पट्टी एकेका नळीतून आरपार घालतो. याला रॉडिंग म्हणतात. पट्टी कुठे अडकते, कुठे सुळकन जाते, हे त्याच्या मनगटाला कळते. नंतर टाकी पुन्हा डागून, तोंडे बंद करून, आत हवेचा दाब देऊन रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवतात आणि बुडबुडे शोधतात. हे कौशल्य झपाट्याने कमी होते आहे. नव्या गाड्यांच्या रेडिएटरला ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. ते गळले की फेकून नवे बसवतात. डाग देणाऱ्या हातांना काम उरलेले नाही. जुन्या गाड्यांची हौस असणाऱ्यांनी आपली कामे आवर्जून या लोकांकडे न्यावीत, योग्य मजुरी द्यावी, असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य निवड: तांबे-पितळ की ॲल्युमिनियम? तांबे ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेते, हे शाळेत शिकलेले खरे आहे. पण रेडिएटरमध्ये तांब्याची फिन आणि पितळी नळी यांच्यामध्ये डागाचा थर असतो आणि तो थर उष्णतेला अडवतो. डाग मऊ असल्याने नळ्याही फार रुंद करता येत नाहीत, दाबाने फुगतात. म्हणून अरुंद नळ्यांच्या तीन-चार ओळी कराव्या लागतात आणि मागच्या ओळींना आधीच तापलेली हवा मिळते. ॲल्युमिनियममध्ये नळी आणि फिन भट्टीत ब्रेझिंगने एकजीव होतात. पंचवीस मिलिमीटर रुंदीच्या नळ्यांच्या दोनच ओळी पुरतात आणि वजन कितीतरी कमी भरते. म्हणजे धातू म्हणून तांबे सरस, पण घडणीत ॲल्युमिनियम पुढे.

माझे मत असे, की जोंगाचे मूळ पेट्रोल इंजिन शाबूत असेल तर मूळ पितळी टाक्या आणि बाजूच्या पट्ट्या जपून त्यांत नवी, थोडी जाड जाळी भरून घ्यावी. बसायला अडचण येत नाही, बॉनेट उघडल्यावर गाडी आपल्या रूपात राहते आणि उद्या रानात गळती लागली तर कुठल्याही तालुक्याच्या गावी डाग मिळतो. डिझेल इंजिन बसवले असेल, त्यातही टर्बो असेल, तर गोष्ट वेगळी. इंटरकूलर आणि एसीचा कंडेन्सर समोर आले की रेडिएटरला गरम हवाच मिळते. तिथे मापाने बनवून घेतलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर योग्य. दिल्लीच्या कश्मीरी गेटला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळणारा दुसऱ्या गाडीचा तयार रेडिएटर स्वस्त पडतो, पण बसवताना कापाकापी इतकी होते की वाचलेले पैसे मजुरीत जातात.

आणि खरे काम बसवण्यातच आहे. मागवण्याआधी पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा नमुना करावा. जाडीसकट. तो जागेवर धरून बॉनेट लावून पाहावे, स्टिअरिंग फिरवून पाहावे, पंख्याची पाती हाताने फिरवावीत. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलते; जोरात ब्रेक लागला किंवा गाडी पाण्यातून गेली की पंखा पुढे येतो. पाती आणि जाळी यांच्यात किमान इंचभर मोकळीक हवी. जाड जाळी बसवण्याच्या हौसेत हीच जागा खाल्ली जाते आणि एखाद्या खड्ड्यात पंखा नव्या कोऱ्या जाळीवर गोल ओरखडा काढतो.

पंख्याभोवतीचे आच्छादन, ज्याला गॅरेजवाले श्राउड म्हणतात, लिलावातल्या बऱ्याच गाड्यांवर नसते. कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेले असते. ते नसेल तर पंखा जाळीच्या फक्त आपल्यासमोरच्या वर्तुळातून हवा ओढतो आणि कोपरे वाया जातात. साध्या पत्र्याचे करून घ्यावे. पाती निम्मी आत, निम्मी बाहेर राहतील असे. रेडिएटर आणि बॉडीमधल्या फटी रबरी पट्टीने बंद कराव्यात, कारण हवा सोपी वाट शोधते आणि जाळीला टाळून बाजूने निघून जाते. थंडावा न देणाऱ्या कित्येक महागड्या रेडिएटरांचे दुखणे या दोन-चार फटींत असते.

जोंगाची चासी खडबडीत वाटेवर पिळवटते. रेडिएटर थेट बोल्टने आवळला तर तो पीळ टाकीच्या सांध्यावर येतो आणि सांधा फाटतो. चारही ठिकाणी रबरी बुश हवेत. खालच्या होजमध्ये तारेची स्प्रिंग असावी. पंप तिथून पाणी ओढतो आणि नरम पाइप वेगात आत चिपतो. पाणी भरण्याचे तोंड इंजिनाहून उंच राहिले नाही तर हेडमध्ये हवा अडकते. तसे होत असेल तर वेगळी छोटी टाकी उंचावर बसवावी. भरताना गाडीचे नाक उंच करून, हीटरची वाट उघडी ठेवून, सावकाश भरावे.

विजेचा पंखा लावायचा तर रिले आणि जाड वायर हवी, आणि आधी बॅटरी पाहावी: अनेक फौजी गाड्यांची वीज २४ व्होल्टची असते. पंखा जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू नये, त्या हलून नळ्या कापतात.

झाकणाकडे कुणी पाहत नाही. जुन्या पितळी टाकीला अर्धा किलो दाबाचे झाकण असले तर जबलपूरच्या उंचीवर साधे पाणी ११० अंशांच्या आसपास उकळेल, ०.९ किलोच्या झाकणाने ११८ पर्यंत. मोह होतो, पण जुने डाग तो दाब सोसत नाहीत. जास्त दाबाचे झाकण हवे तर टाकीचे सांधे आधी नव्याने करावेत. बोअरचे पाणी बंद. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. ॲल्युमिनियम बसवला असेल तर कूलंट टाळता येणारच नाही: बिडाचे इंजिन, तांब्याचा हीटर आणि ॲल्युमिनियम हे एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजते. इंजिनाची अर्थिंग वायर गंजलेली असेल तर वीज पाण्यातून वाट काढते आणि नव्या जाळीला काही महिन्यांत भोके पडतात. मल्टिमीटरचे एक टोक कूलंटमध्ये आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर धरून, सगळे दिवे लावून पाहावे. व्होल्टचा तिसरा हिस्सा दिसला तरी अर्थिंग आधी दुरुस्त करावी.

कायद्याचेही एवढे ध्यानात ठेवावे. रेडिएटर बदलल्याने नोंदणीतला तपशील बदलत नाही. इंजिन बदलले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर स्पष्ट मर्यादा घातली आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. सुरुवातीच्या जोंगा आता या वयात आल्या आहेत. म्हणून बसवताना चासीला नवी भोके पाडू नयेत. जुन्या बोल्टांवर बसणारी वेगळी पट्टी करावी, आणि काढलेला रेडिएटर भंगारात देऊ नये.

परीक्षेसाठी जबलपूरकराला नागपूरच्या वाटेवरचा घाट पुरतो. नागपूरहून येताना खवासा ओलांडल्यावर कुरईचा घाट लागतो. नागपूरच्या सपाटीवरून सिवनीच्या पठारावर चढणारी वाट. मे महिन्याच्या दुपारी, ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये, एसी असेल तर सुरू ठेवून चढावे. काटा कुठवर गेला हे एवढ्याने कळते, पण माथ्यावर गाडी थांबवून इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावे आणि काटा किती वेगाने खाली येतो ते पाहावे. तो खाली येत नसेल तर पंख्याची हवा अजून अपुरी आहे, आणि परत घरी येऊन आधी श्राउड पाहायचे.